पनवेलच्या परसात जास्वंद : ऊन, निचरा व वेळेवर छाटणी

कोकणातील घराच्या परसात तुळस, केळ व जास्वंद ही तीन झाडे बहुधा आढळतातच. त्यांपैकी जास्वंद हे सर्वांत दुर्लक्षित झाड होय. मोरीच्या कडेला किंवा आंब्याच्या सावलीत एखादी फांदी खोचून द्यावी आणि मग वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहू नये, असाच प्रकार सर्वत्र दिसतो. झाड जगते, पानांनी भरते, छपराला टेकते. परंतु भाद्रपदात, श्रीगणेशाच्या पूजेसाठी लाल फुलांची खरी निकड असते तेव्हा, त्यावर दोन फुलेही मिळत नाहीत. मग दारात झाड असूनही फुलांची पुडी बाजारातून महाग दराने आणावी लागते. आणि दोन-तीन वर्षे असेच गेले की झाड वांझ आहे असे म्हणून ते तोडले जाते.

वास्तविक जास्वंदीचे झाड वांझ नसते. त्याला चुकीची जागा मिळालेली असते, किंवा त्याची छाटणी अवेळी झालेली असते वा मुळीच झालेली नसते. पनवेल परिसराचे हवामान व जमीन ध्यानात घेऊन जागा निवडली आणि वर्षातून दोन वेळा कात्री चालविली, तर हेच झाड एका कुटुंबाची रोजच्या पूजेची फुले सहज पुरविते. त्या दृष्टीने उपयोगी पडेल अशी माहिती पुढे दिली आहे.

झाडाची ओळख

जास्वंद ही भेंडी, अंबाडी व कापूस यांच्या कुळातील वनस्पती आहे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ साली तिला 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस' असे नाव दिले. त्यातील दुसऱ्या भागाचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. आशिया खंडाच्या उष्ण भागात ती प्राचीन काळापासून लावली जात असून मलेशियाने १९६० साली तिला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला.

एकेरी लाल, दुहेरी लाल, गुलाबी, पिवळी, पांढरी असे तिचे अनेक प्रकार आहेत. रोपवाटिकांतून मिळणारे मोठ्या फुलांचे संकरित प्रकार दिसावयास आकर्षक असले, तरी ते नाजूक असतात व पुष्कळदा गावठी लाल जास्वंदीच्या खुंटावर बांधलेले असतात. ज्यांना मुख्यतः पूजेसाठी फुले हवी आहेत त्यांनी जुनी एकेरी लाल जास्वंदच लावावी. ती काटक असते व छाटापासून सहज येते.

जास्वंदीचे फूल सामान्यतः एकच दिवस टिकते. सकाळी खुडलेले फूल पाण्यावाचूनही दिवसभर उमललेले राहते, म्हणून ते पूजेस सोयीचे आहे. परंतु उद्याचे फूल उद्याच्या कळीतूनच मिळावयाचे असते. कळ्या नव्या कोवळ्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात. जुन्या, निबर फांदीवर त्या येत नाहीत. जास्वंदीच्या निगराणीचे सारे मर्म यातच आहे. ज्या कारणाने नवी फूट थांबते, त्या कारणाने फूलही थांबते. सावली, मुळाशी साचलेले पाणी, क्षार, छाटणीचा अभाव व कीड ही ती मुख्य कारणे होत.

ऊन कसे मोजावे

जास्वंदीस दररोज निदान सहा तास थेट ऊन मिळावयास पाहिजे. पनवेलीस याचे महत्त्व विशेष आहे, कारण आषाढ-श्रावणात आकाश बहुतेक झाकलेलेच असते. जी जागा उघाडीच्या दिवसांत जेमतेम पुरेशी असते, ती पावसाळ्यात अपुरी ठरते आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात.

नव्या वस्तीत ही अडचण अधिक आहे. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. त्यानंतर पनवेलच्या आसपासच्या गावांतील अंगणे आखूड झाली व कौलारू घरांच्या जागी उंच भिंती आल्या. भिंतीची सावली ऋतूप्रमाणे बदलते, हे जागा निवडताना विसरता कामा नये. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. या दोहोंच्या दरम्यान तो किंचित उत्तरेस असतो व उरलेल्या सर्व काळात दक्षिणेस असतो. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्ही, म्हणजे आपल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास, दहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे नऊ फूट पडते. म्हणून घराच्या उत्तर बाजूस झाड लावावयाचे असल्यास भिंतीच्या उंचीइतके तरी अंतर सोडावे. दक्षिण किंवा पूर्व बाजूची मोकळी जागा सर्वांत चांगली.

ऊन मोजण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. जागा मनात ठरली की तेथे एक दगड ठेवावा. कार्तिक-मार्गशीर्षातील एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत दर तासाला त्या दगडावर ऊन आहे की सावली हे पाहून भिंतीवर खडूने खूण करावी. उन्हाच्या सहा किंवा अधिक खुणा झाल्यास जागा उत्तम समजावी. चार-पाच झाल्यास फुले कमी येतील. त्याहून कमी झाल्यास तेथे जास्वंद लावू नये. अर्धवट सावली सोसणारी अबोली लावावी. हे काम शाळेतील मुले आनंदाने करतात.

पावसाचे पाणी व निचरा

ऊन भरपूर असूनही झाड मरते, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा असतो. पनवेल तालुक्यात पाऊस साधारणतः तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. भाताच्या खाचरात हे पाणी हवेच असते. जास्वंदीच्या आळ्यात मात्र ते घातक ठरते. मातीच्या कणांमधील पोकळी पाण्याने भरून गेली की मुळांना हवा मिळत नाही. मुळे काळी पडून कुजतात, व माती ओली असूनही पाने माना टाकतात. घरच्या माणसांना वाटते की झाड तहानेले आहे. उघडीप पडताच ते आणखी पाणी घालतात आणि झाड हातचे जाते. अशा वेळी प्रथम बुंध्याजवळची थोडी माती उकरून मूळ पाहावे. निरोगी मूळ फिकट रंगाचे व टणक असते. कुजलेल्या मुळाची साल बोटाने ओढताच सुटून येते.

डोंगराच्या बाजूच्या वरकस जमिनीत निचरा चांगला होतो. भातखाचराच्या कडेची भारी जमीन व घरबांधणीच्या वेळी मुरूम, विटांचे तुकडे टाकून दाबलेली भरावाची जमीन या दोन्ही ठिकाणी काळजी घ्यावी लागते. लागवडीपूर्वी दीड फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर सायंकाळी पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उरलेले दिसल्यास तेथे खड्ड्यात झाड लावू नये. त्याऐवजी एक ते दीड फूट उंच व तीन-चार फूट रुंद मातीचा उंचवटा करावा, त्याच्या कडेला दगड लावावेत व त्यावर झाड लावावे.

छपराच्या पागोळ्या जेथे पडतात तेथे झाड कधीही लावू नये. पागोळीच्या धारेने माती वाहून जाते, मुळे उघडी पडतात व खळग्यात पाणी साचते. मोरीच्या तोंडाशी लावलेल्या झाडाची अवस्था बारमाही अशीच असते. शिवाय साबण व सोड्याचे पाणी मुळांना अपायकारक असते. सांडपाण्याचा उपयोग केळी-अळवाकडे करावा.

खारे पाणी

पनवेलची खाडी व तिला मिळणारी गाढी नदी यांच्या आसपासच्या गावांस आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात खाडीलगतच्या जमिनीत क्षार वर येतात व काही विहिरींचे पाणी मचूळ होते. याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी पनवेल येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे व 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' या खार जमिनीत येणाऱ्या भाताच्या जाती तेथूनच शेतकऱ्यांना मिळाल्या आहेत. परंतु हा भात जे क्षार सोसतो, ते जास्वंदीस सोसत नाहीत. पानांच्या कडा व टोके तांबूस होऊन करपणे हे त्याचे पहिले लक्षण होय. खाडीकाठच्या घरांनी उंचवट्यासाठी माती वरकस जमिनीतून आणावी, चैत्र-वैशाखात शक्यतो गोडे पाणीच घालावे, आणि चुलीची राख या झाडास घालू नये. कारण राखेने क्षारात भरच पडते.

छाट तयार करणे व लागवड

दुहेरी जास्वंदीस बी सहसा धरत नाही, आणि बियांपासून झालेली रोपे मूळ झाडासारखीच निघतील अशी शाश्वती नसते. म्हणून जास्वंदीची वाढ छाटांपासूनच करतात. रोहिणी नक्षत्राच्या अखेरीपासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंतचा काळ त्यासाठी उत्तम.

शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही व फार जूनही नाही अशी फांदी निवडावी. सहा ते आठ इंच लांबीचे, तीन-चार डोळे असलेले छाट धारदार कात्रीने घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली असावा. खालची पाने काढून टाकावीत व वरची दोन पाने अर्धी कापावीत. माती, वाळू व चाळलेले शेणखत सारख्या प्रमाणात घेऊन भरलेल्या, तळाशी भोके असलेल्या पिशवीत छाट एकतृतीयांश खोल खोचावेत व पिशव्या विरळ सावलीत, पागोळीपासून दूर ठेवाव्यात. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. छाट उपटून मूळ आले की नाही हे पाहण्याचा मोह टाळावा. नवी पाने आली म्हणजे मूळही धरले असेलच असे नाही. पिशवीच्या भोकांतून मूळ दिसेपर्यंत थांबावे.

पावसाचा जोर ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, रोप कायम जागी लावावे. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील मातीत एक घमेले पुरते कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. दोन झाडांत पाच ते सहा फूट अंतर ठेवावे. कुंपणासाठी लावावयाचे असल्यास अडीच-तीन फूट पुरे. शेळ्या जास्वंदीचा पाला आवडीने खातात, म्हणून पहिली दोन वर्षे काट्यांचे कुंपण अवश्य करावे.

छाटणी केव्हा व किती

फूल नव्या फुटीवर येते हे वर सांगितले आहेच. छाटणीपासून फूल येईपर्यंत साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. गणेशचतुर्थी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी येते. त्यावरून मागे मोजल्यास जूनचा पहिला आठवडा हा हलक्या छाटणीचा योग्य काळ ठरतो. पुष्कळ घरी झाड वाढले म्हणून श्रावणात, सणाच्या आधी अंगण साफ करताना ते सपाट कापले जाते. अशा वेळी कळ्यांनी भरलेली फूटच कापली जाते व गणपतीत झाडावर फूल नसते. झाड वांझ असल्याची तक्रार अनेकदा येथूनच सुरू होते.

जूनच्या छाटणीत वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि उरलेल्यांपैकी एकतृतीयांश फांद्यांचे शेंडे हातभर मागे घ्यावेत. सर्वच फांद्या एकदम छाटू नयेत. म्हणजे जुन्या फांद्यांवर काही फुले चालू राहतात. या छाटणीतून निघालेल्या निरोगी फांद्या छाट करण्यास उपयोगी पडतात, असा दुहेरी लाभ होतो.

दुसरी छाटणी माघी गणेशजयंती झाल्यानंतर करावी. ही थोडी अधिक खोल असावी, कारण पुढील महिन्यांत ऊन भरपूर असते व झाड लवकर फुटते. कापताना डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्यावा व डोळा झाडाच्या बाहेरील बाजूकडे असावा. त्यामुळे नवी फांदी बाहेर वाढते व झाडाच्या पोटात ऊन शिरते.

खत व पाणी

प्रत्येक छाटणीनंतर पूर्ण वाढलेल्या झाडास एक घमेले कुजलेले शेणखत किंवा त्याच्या निम्मे गांडूळखत द्यावे. ताजे शेण बुंध्याशी घालू नये. त्याची उष्णता मुळांना बाधते. युरियासारखे केवळ नत्र देणारे खत वरचेवर घातल्यास पाने गर्द होतात, फूल मागे पडते व कोवळ्या रसाळ फुटीवर कीड अधिक येते.

हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड व उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरते. बोट मातीत दोन इंच खोल घालून पाहावे. ओल लागल्यास पाणी घालू नये. कधी फार कोरडे व कधी फार ओले अशा अवस्थेने कळ्या गळतात. वाळलेला पालापाचोळा आळ्यात पसरल्यास ओल टिकते. मात्र तो खोडास चिकटू देऊ नये.

पिठ्या ढेकूण

जास्वंदीची सर्वांत उपद्रवी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण होय. शेंड्यावर व पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, शेंडे आखडून वेडेवाकडे होतात व कळ्या उमलत नाहीत. ही कीड कोरड्या दिवसांत, विशेषतः फाल्गुन ते वैशाख या काळात वाढते. शेतकऱ्यांनी तिची दखल घेण्याचे दुसरेही कारण आहे. जास्वंद व भेंडी एकाच कुळातील असल्याने हीच कीड परसातील झाडावरून भेंडीच्या वाफ्यावर जाते. दारातील दुर्लक्षित झाड अशा रीतीने शेतातील भाजीला त्रासदायक होते.

उपाय घरच्या घरी करण्याजोगे आहेत. कीडग्रस्त शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधावेत, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून मग खोल पुरावेत. बांधावर टाकू नयेत. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरकस फवारा मारावा. त्यानंतर निंबोळीच्या मगजाची ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी घालून सायंकाळी फवारावी. आठ-दहा दिवसांनी हे पुन्हा करावे. पिठ्या ढेकणाच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात व त्याला फांदीवरून फांदीवर नेतात. म्हणून भिंतीला टेकलेल्या फांद्या कापून मुंग्यांची वाट तोडावी. नव्या विकत आणलेल्या कुंड्या दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळ्या ठेवाव्यात.

एका बाबतीत विशेष सावधगिरी हवी. पिठ्या ढेकणास खाणारा एक ढालकिडा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा कीटक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणला गेला. त्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असते, त्यामुळे लोक तिला मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडतात. ओळखण्याची खूण अशी की, पिठ्या ढेकूण बारीक असून बहुधा जागच्या जागी चिकटलेला असतो. ही अळी त्याच्यापेक्षा बरीच मोठी, एक सेंटीमीटरपर्यंत लांब असते व हात लावताच चालू लागते. अशी अळी दिसल्यास त्या फांदीवर काहीही फवारू नये. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर १९९४ साली गुलाबी पिठ्या ढेकणाने जास्वंदीचा व अनेक फळझाडांचा मोठा नाश केला, तेव्हा ती साथ अखेर औषधांनी नव्हे तर याच ढालकिड्याच्या व एका सूक्ष्म परोपजीवी माशीच्या साहाय्याने आटोक्यात आली.

जास्वंदीचे फूल देवापुढे ठेवले जाते, केसांच्या तेलात पडते व लहान मुलांच्या हातांत जाते. कर्नाळ्याच्या रानातून गावात येणारे सूर्यपक्षीही त्यातील मध घेतात. या झाडावर विषारी औषधे फवारण्याचे टाळावे, हेच सर्व दृष्टींनी हिताचे आहे.

गावातील कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर केवळ व्याख्यान देऊ नये. गावातील एखादे न फुलणारे झाड निवडावे, घरच्या मंडळींसमक्ष दगडाने ऊन मोजावे, आळ्यातील निचरा पाहावा व जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः कात्री हाती घेऊन छाटणी करून दाखवावी. परसाची देखभाल बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. म्हणून हे प्रात्यक्षिक महिला मंडळाच्या सभेच्या दिवशी ठेवणे सोयीचे होईल. छाटलेल्या फांद्या तेथेच जमलेल्यांना वाटून द्याव्यात. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या सुमारास हे छाट पिशव्यांत नीट आहेत की नाहीत हे पाहण्यास पुन्हा एकदा घरोघर जावे.

झाड फारच सावलीत असल्यास त्यावर खत व श्रम खर्च करण्यापेक्षा त्याचेच छाट घेऊन उन्हाच्या जागी नवे झाड करणे श्रेयस्कर. जुने झाड नवे छाट रुजेपर्यंत तोडू नये. मृगात खोचलेला छाट नवरात्रात कायम जागी गेला व त्याला ऊन, निचरा आणि वेळेवर छाटणी मिळाली, म्हणजे पुढे भाद्रपदात फुलांची परडी घरच्याच झाडावर भरावयास कुटुंबास अडचण पडणार नाही.